लाइट गेल्यावर ‘लगेच’ काय करू नये

लाइट गेली की लगेच काय काय करायचं, याची सात मुद्द्यांची यादी सध्या सगळ्या ग्रुपवर फिरते आहे. वर ‘जपून ठेवा, वेळेला उपयोगी पडेल’ आणि खाली जोडलेले हात. माझ्याकडे ती चौघांकडून आली. घरगुती वायरिंग आणि इन्व्हर्टरची कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, म्हणून गप्प बसवलं नाही. त्यातला एक मुद्दा अर्धा बरोबर आहे, काही नुसतेच चुकीचे आहेत आणि शेवटचा जीव घेईल असा आहे. यादीचा सगळा जोर ‘लगेच’ या शब्दावर आहे. मी पाहिलंय ते उलट: बहुतेक नुकसान अंधाराने होत नाही, अंधारात केलेल्या घाईने होतं.

पहिला मुद्दा: ‘लाइट गेली की आधी मेन स्विच पाडा, नाहीतर परत येताना सगळं जळेल.’ हाच तो अर्धा बरोबर. वीज परत येते तेव्हा आसपासच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायला बघतात. सुरू होतानाचा करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं व्होल्टेज खालीवर होऊ शकतं. पण त्यासाठी टीव्ही, एसी, फ्रिज, कॉम्प्युटर यांचे प्लग काढले की पुरे. मेन पाडून ठेवला तर लाइट आलेली कळतच नाही. घर झोपून जातं आणि फ्रिज रात्रभर बंद. एक दिवा चालू ठेवा, तोच निरोप देईल. आणि यादीत नसलेली गोष्ट म्हणजे इस्त्री. लाइट जाण्यापूर्वी कपड्यावर टेकवलेली इस्त्री, पाण्यातला हीटर, विजेची शेगडी. आपण कंटाळून बाहेर पडतो आणि मागे लाइट येते.

मेन लगेच पाडायचा तो घरात पाणी शिरलं, जळका वास आला, किंवा काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते दिसायला लागले तर. हे शेवटचं लक्षण बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सुटल्याचं असतं. तिथे खरंच घाई करा.

फ्रिजचा प्लग काढलाच असेल तर लाइट आल्यावर पाचेक मिनिटं थांबून लावा. कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा गॅसचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. लगेच लावलात तर मोटार नुसती घुमते, फिरत नाही, आणि थोड्या वेळाने ‘टक्’ आवाज येतो. तो ओव्हरलोडने, म्हणजे मोटार तापली की करंट तोडणाऱ्या छोट्या स्विचने, तिला वाचवल्याचा आवाज. दर वेळी वाचवेलच असं नाही.

दुसरा मुद्दा फ्रिजमधल्या अन्नाचा: ‘तासातासाने उघडून बघा, वास आला नाही तर खुशाल खा.’ दोन्ही वाक्यं चूक. दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण ४ तास पुरेसा थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. हे सगळे आकडे दार बंद ठेवण्यावर उभे आहेत. दर वेळी उघडलं की साठवलेली थंड हवा पायावर ओतली जाते. (फ्रीजर रिकामा असेल तर एरवीच त्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. पूर्ण भरू नका, बर्फ फुगतो.)

वासाचं म्हणाल, तर अन्नाला वास आणणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बरेचदा वेगळे असतात. दूध नासलेलं नाकाला कळतं, पण स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं विष नाकाला कळत नाही आणि पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून नियम नाकाचा नाही, घड्याळाचा आहे: शिजवलेलं अन्न, दूध, मांस ४ अंशांच्या वर २ तासांपेक्षा जास्त राहिलं की टाकायचं. फ्रीजरमधल्या वस्तूत अजून बर्फाचे कण दिसत असतील तर ती पुन्हा गोठवायला हरकत नाही.

यादीत नाण्याची युक्तीही आहे. ग्लासभर पाण्याचा बर्फ करा, वर नाणं ठेवा. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर सगळं फेका. युक्ती खोटी नाही, तोकडी आहे. ती फक्त फ्रीजरबद्दल बोलते आणि बर्फ वितळल्यावरच बोलते. खालच्या कप्प्यातलं दूध त्याच्या कितीतरी आधी ४ अंश ओलांडून गेलेलं असतं. आत एक साधा थर्मामीटर ठेवा.

तिसरा, औषधांचा. ‘इन्शुलिन लगेच फ्रीजरमध्ये हलवा.’ अजिबात नको! गोठलेलं इन्शुलिन वाया जातं, पुन्हा वितळवून वापरता येत नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण ३० अंशांपर्यंत बाहेर सुमारे चार आठवडे चालतं. नेमकी मुदत सोबतच्या पत्रकात असते. न उघडलेलं आहे तिथेच, बंद दाराआड राहू द्या. बर्फाला टेकवू नका.

चौथा मेणबत्त्यांचा, त्यावर फार बोलत नाही. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२-१३ ल्युमेन, ९ वॅटच्या एलईडी बल्बचा ८००च्या आसपास. एवढ्याशा उजेडासाठी पडद्याजवळ ज्योत ठेवायची आणि डुलकी घ्यायची, हा सौदा कुणाला परवडतो? टॉर्च उभा करून त्यावर पाण्याची पारदर्शक बाटली ठेवा, उजेड खोलीभर पसरतो.

पाचवा माझ्या धंद्यातला: ‘महिन्यातून एकदा इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण उतरवा, आयुष्य वाढतं.’ ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम सेलची. इन्व्हर्टरला बहुतेक घरांत असते त्या लेड-अॅसिड बॅटरीला ती मारक आहे. रिकाम्या राहिलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि मग कितीही चार्ज करा, ती भरल्यासारखी दाखवते आणि दहा मिनिटांत बसते. अशीच एक मी उघडली होती. झाकणं काढली तर पाणी प्लेटांच्या खाली, उघड्या पडलेल्या टोकांवर पांढरा थर, आणि मीटरवर लोड न लावताच १०.८ व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी शांत असताना १२.७च्या आसपास दाखवते. घरमालकाने दर महिन्याला मन लावून ती उतरवली होती. डिस्टिल्ड वॉटर मात्र कधीच घातलं नव्हतं.

बॅटरी किती वेळ पुरेल याचा हिशेब असा करा. बॅटरी १५० अँपिअर-तासांची असेल तर १५० गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे आणि इन्व्हर्टरमधली गळती वजा करायची, म्हणजे हाती ७०० उरतात. ७५ वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे तीन दिवे लावले की चार तास. जास्त वेळ हवा असेल तर एक पंखा आधीच बंद ठेवा.

सहावा किरकोळ. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,०००चा फोन दोनदा भरत नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्ट करताना आणि फोनमध्ये शिरताना गळती होते. सव्वा वेळा भरला तरी नशीब.

आता सातवा. ‘छोटा जनरेटर खिडकी उघडी ठेवून घरात चालवता येतो.’ नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. उघड्या खिडकीने तो पुरेसा बाहेर जात नाही. गॅलरी, जिना, अर्धं शटर उघडलेलं गॅरेज, सगळं घरातच धरा. बाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, धुराचं तोंड घरापासून उलट. कोळशाची शेगडीही आत नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा ऊब आणि वीज मिळवायच्या अशाच धडपडीत बरीच माणसं या वायूने गेली. घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका, आधी सगळे बाहेर पडा.

त्याच मुद्द्यात पुढे म्हटलंय की दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडा, सगळं घर उजळेल. उजळतं, हे खरं. पण मेन चालू राहिला तर ती वीज मीटरमधून बाहेर पडते, ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरून हजारो व्होल्टची होते, आणि लाइन बंद आहे या समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात जाते. मधेच खरी वीज आली तर जनरेटर जळतो. एक टोक सॉकेटमधून निसटलं तर उघड्या पिना जिवंत असतात, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर.

एका ग्रुपवर यावर उत्तर आलं, ‘आम्ही मेन बंद करूनच लावतो, तीन वर्षं काही झालं नाही.’ मेन दर वेळी अंधारात, माणसाच्या आठवणीवर बंद होतो. चेंजओव्हर स्विचला आठवण लागत नाही: त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, बाहेरची वीज किंवा जनरेटर. तो बसवून घ्या आणि ती वायर मधोमध कापून टाका.