झीज वेगळी, गंज वेगळा

नमस्कार. १९५१ च्या शेव्हरोले ३१०० पिकअपबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं धड करायचं आणि बाहेरचा पत्रा मात्र विटका, ओरखडलेला ठेवायचा, हे तुमच्या मते अर्धवट टाकलेलं काम आहे. गंज हा रोग आहे, तो मिरवायचा नसतो. रंग द्यायचा नसेल तर निदान वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर, तरी मारा. कोणताही जाणकार असल्या कामाला पसंती देणार नाही. आणि ज्याने हा ट्रक नवा घेतला, त्याला तो असा पाहून वाईटच वाटलं असतं. शिवाय विटक्या रंगावर लावायला मी सुचवलेल्या जवसाच्या तेलावर तुमचा आक्षेप आहे.

तेलाचं आधी बोलते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो. लावल्या दिवशी विटलेला हिरवा रंग ओला केल्यासारखा गडद दिसतो आणि माणूस भुलतो. मीही भुलले. चार महिन्यांनी हौद्याच्या फाळक्यावर आतल्या बाजूने बोट फिरवलं तर चिकट लागलं, वर धूळ बसलेली, आणि रंग पिवळसर काळपट झालेला. तो थर काढताना खालच्या रंगाचीही थोडी भुकटी फडक्याला आली. ती आता परत येणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट मी लिहिलीच नव्हती: या तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मूळ लेखात मी दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत.

पण क्लिअर कोटचं म्हणणं मला मान्य नाही. गंज सच्छिद्र असतो. त्यात ओल धरलेली असते, बरेचदा क्षारही असतात. त्यावर लॅकरचा चकचकीत थर दिला तर ती ओल आत कोंडली जाते. शिवाय थर कितीही चांगला बसला तरी त्यातून थोडी वाफ आणि हवा झिरपतच राहते. खालचं लोखंड गंजत राहतं, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फुगे येतात आणि एके दिवशी क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटतो. सुटताना जुना रंग सोबत घेऊन जातो. म्हणजे जे राखायचं तेच आपल्या हाताने सोलून काढायचं. साधं मेण उद्या व्हाइट स्पिरिटने (टर्पेंटाइनसारख्या द्रावणाने) पुसून टाकता येतं. म्हणून मी मायक्रोक्रिस्टलाइन मेण वापरते, संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना लावतात त्या जातीचं. वर्षातून दोनदा, पातळ हाताने. ते मेहनतीचं काम आहे, आणि मेण गंज बरा करत नाही, पाणी दूर ठेवतं एवढंच.

आता गंज हा रोग आहे, याबद्दल. आहेच. म्हणूनच मी ट्रकच्या खाली शिरून सहा महिने काढले. चॅसी, मडगार्डच्या आतल्या बाजू, कॅबचे मागचे खालचे कोपरे, दारांच्या तळाचे दुमडलेले पत्रे: पाणी आणि चिखल साठतो तो इथे, आणि हे ट्रक मरतात तेही इथूनच. तिथे मी काहीच राखलं नाही. खरवडलं, कापलं, नवा पत्रा घातला, दोन हात प्राइमर आणि काळा रंग दिला, पोकळ्यांत मेण फवारलं, दारांची पाणी जायची भोकं मोकळी केली. बॉनेटवर आणि दारांवर जे दिसतं ते निराळं आहे. ती झीज आहे. तिथला तपकिरी थर घट्ट बसलेला आहे, नखाने खरवडला तर सुटत नाही, त्याला पापुद्रे नाहीत. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत ठेवली आणि पत्रा स्वच्छ राहिला, तर असा थर फार हळू पुढे सरकतो. उघड्यावर, पावसात उभा राहणारा ट्रक असता तर माझा निर्णय वेगळा झाला असता, हे मोकळेपणाने सांगते.

बॉनेट पॉलिश करून का उजळला नाही, असंही तुम्ही विचारलंत. रंगाच्या थराची जाडी मोजायचं मीटर लावून पाहिलं. मध्यभागी रंग आणि प्राइमर मिळून जेमतेम तीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उरलेत, दाराच्या सावलीतल्या कडेला त्याच्या तिप्पट. तीस मायक्रॉनवर पॉलिशचं यंत्र फिरवणं म्हणजे उरलासुरला रंग उडवणं. सौम्य साबण, मऊ फडकं, भरपूर पाणी, एवढंच केलं. कोरडा सँडपेपर तर अजिबात नाही. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते.

डाव्या दाराबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळा निर्णय तिथेच झाला. काचेच्या खालच्या कडेवर वीतभर पट्टा असा आहे की तिथे रंग नाही. बाहेरून आत पाहत गेलं तर आधी हिरवा, मग प्राइमरची बारीक रेघ, मग गुळगुळीत, तपकिरी, हाताळून चमकणारं लोखंड. हे उन्हाने झालेलं नाही, कारण उजव्या दाराला तसा पट्टा नाही. या ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे आहे, चालवणाऱ्याचं कोपर तिथे टेकायचं. १९५१ मध्येच या ट्रकच्या दारांना पुढे छोटी तिकोनी काच आली होती. ती वळवून वारा आत घ्यायचा आणि कोपर बाहेर काढून बसायचं, अशी ती सवय असणार. मी पहिल्यांदा चालवायला बसले तेव्हा माझं कोपर आपसूक त्याच पट्ट्यावर गेलं.

त्याच दारावर कुणीतरी ब्रशने धंद्याचं नाव लिहून घेतलं होतं. आज त्या अक्षरांचा पांढरा रंग जवळजवळ उडालाय. पण अक्षरांनी खालच्या हिरव्याला ऊन लागू दिलं नाही, म्हणून भोवतीचा रंग विटला आणि अक्षरांच्या जागी तो गडद राहिला. उन्हात समोर उभं राहिलात तर काहीच दिसत नाही. तिरप्या उजेडात, दोन हातांवरून पाहिलंत तर शेवटचे दोन शब्द वाचता येतात: ‘अँड सन्स’. त्याखाली चार आकड्यांचा फोन नंबर. हे दार घासून कारखान्याचा हिरवा रंग मी हुबेहूब जुळवून देऊ शकते, आजही आणि दहा वर्षांनीही. ते दोन शब्द मात्र मला पुन्हा आणता येणार नाहीत. कुणी तरबेज पेंटर आणून लिहून घेतले तरी ते त्याचे होतील.

मूळ मालकाला वाईट वाटलं असतं, या तुमच्या वाक्यावर मी बराच विचार केला. शक्य आहे. कामाची वस्तू नीट ठेवणाऱ्याला विटका रंग खुपतोच. पण नव्याने रंगवलेल्या ट्रकवर त्याचं काय उरलं असतं? कारखान्यातून बाहेर पडताना ट्रक कसा होता, ते दिसलं असतं. त्याने तो कसा वापरला, मुलांना धंद्यात घेतल्यावर दारावर काय लिहून घेतलं, ते सगळं गेलं असतं.

जाणकारांचं म्हणाल, तर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, आपल्या ट्युरिन सनदेत जतनाला पुनर्निर्मितीच्या वरचं स्थान दिलेलं आहे. आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला, तोही मूळ रंगरूपात जपलेल्या गाडीला. जतन-विभागातल्या गाडीला तो पहिल्यांदाच मिळाला. शर्यतीची बुगाटी आणि अर्ध्या टनाचा मालवाहू ट्रक यांची मी बरोबरी करत नाही. मात्र ट्रकच्या बाबतीत मला हे जास्तच पटतं, कारण ट्रक झिजण्यासाठीच घेतलेला असतो.

ब्रेकच्या बाबतीत मी मूळपणा पाळला नाही, हा विरोधाभास तुम्ही दाखवलात. तो आहे आणि मी तो जाणूनबुजून केलाय. पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत पोहोचवणारा मूळ मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना मिळून एकच नळ्यांची वाट. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. रस्त्यावर इतर माणसं असतात. दोन सर्किटचा बसवला, सीटबेल्ट बसवले, मूळ सिलिंडर चिठ्ठी बांधून पेटीत ठेवलाय.

आणि एका गोष्टीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. नव्या रंगावर स्पंजने तपकिरी ठिपके मारून, खोटी अक्षरं घासून ‘जुना’ ट्रक बनवतात, ते मला सहन होत नाही. कधीच न घडलेल्या आयुष्याचा तो दाखला असतो. म्हणूनच कॅबच्या कोपऱ्याला घातलेलं ठिगळ मी म्हातारं केलेलं नाही. जवळचा, बिनचमकीचा हिरवा दिलाय. हातभर अंतरावरून जोड दिसतो. तो दिसू दे.

राहता राहिला प्रश्न: दहा वर्षं टिकेल का? त्यासाठी बारा जागा ठरवून, शेजारी मोजपट्टी धरून दर सहा महिन्यांनी फोटो काढते. दीड वर्षात अकरा जागा जिथल्या तिथे आहेत. बारावी, डाव्या दाराच्या तळाची मागची बाजू, दोन मिलिमीटरने सरकली आहे. तुम्ही नेमकं त्याच जागेबद्दल शंका काढली होती. या आठवड्यात आतलं पॅनेल उघडून पाहते. दुमडीतला पत्रा गेलेला असेल तर आतून कापून बदलावा लागेल, आणि अक्षरांपर्यंत उष्णता पोहोचू नये म्हणून तिथे वेल्डिंगऐवजी पत्रा चिकटवायचं ॲडहेसिव्ह वापरायचा विचार आहे. तुम्ही असं काम केलं असेल, तर पत्रा कापण्याआधी मला सांगा. फोटो टाकतेच.