फॅशनचं मानसशास्त्र आणि दुकानातलं स्टूल

फॅशन सायकॉलॉजी म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट 'इंटरव्ह्यूला कुठल्या रंगाचा शर्ट घालू?' इथे येऊन थांबते. रीलवाल्यांनी तर ताळच सोडलाय. निळा घातला की विश्वास बसतो, काळा घातला की वचक बसतो. वास्तुशास्त्रच आहे हे, फक्त कपाटात शिरलेलं.

म्हणून कॅरोलिन मेअर यांची वाट मला वेगळी वाटते. लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये या मानसशास्त्रज्ञ बाईंनी फॅशनसाठीच्या मानसशास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम उभे केले. २०१८ मध्ये 'द सायकॉलॉजी ऑफ फॅशन' हे पुस्तकही आलं. काय घालावं हे सांगत बसण्यापेक्षा या धंद्यात माणसाच्या मनाचं आणि शरीराबद्दलच्या कल्पनांचं काय होतं, हा त्यांचा रस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्येच 'मी'मध्ये अंगावरचे कपडेही धरले होते. तरी विद्यापीठांत हा विषय नटण्यामुरडण्याचा म्हणून कोपऱ्यातच राहिला, असं माझं मत.

या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला प्रयोग २०१२ चा, हायो अॅडम आणि अॅडम गॅलिन्स्की या संशोधकांचा. पांढरा कोट डॉक्टरचा आहे असं सांगून घालायला दिला, तर लोकांचं लक्ष जास्त नीट लागलं. तोच कोट पेंटरचा म्हणून दिला तर नाही. जगभर बातम्या झाल्या. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या पेपरमधला पहिला, नुसता कोट घालण्या-न घालण्याचा प्रयोग जास्त लोकांवर करून पाहिला आणि तो परिणाम काही दिसला नाही. मूळ लेखक हटून बसले नाहीत. त्यांनी नंतर या विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करून तपासले आणि सांगितलं, की जुने बरेच डळमळीत आहेत, अलीकडचे त्या मानाने पक्के. मला कोटापेक्षा हे जास्त आवडलं. रीलमध्ये अर्थातच अजून २०१२ सालच चालू आहे.

पण माझा मुद्दा पुढचा. कपडा मनावर काय करतो हे विचारताना तो कोणी घालायला लावला, हे आधी विचारायला हवं. लंडनमध्ये निकोला थॉर्प रिसेप्शनच्या कामावर सपाट बूट घालून गेली आणि टाचेचे घालायला नकार दिला म्हणून तिला बिनपगारी घरी पाठवलं. तिच्या याचिकेवर दीड लाखाच्या आसपास सह्या झाल्या, संसदेच्या समित्यांनी २०१७ मध्ये अहवाल दिला, आणि सरकार म्हणालं, आहे तो कायदा पुरेसा आहे! त्या बुटांनी तिचा आत्मविश्वास किती वाढला असता, हे मोजून काय मिळणार होतं?

त्यापेक्षा केरळ बघा. तिथल्या कापड दुकानांत सेल्सच्या बायकांना दिवसभर बसायची मुभा नव्हती. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. पाय सुजायचे, लघवीला जायला नको म्हणून पाणी कमी प्यायचं. त्या वर्षानुवर्षं भांडल्या आणि २०१८ मध्ये दुकान कायद्यात बसण्याची सोय घालून घेतली. वर्कप्लेस वेलबीइंग, म्हणजे कामाच्या जागी माणसाचं बरं चालणं, याला म्हणायचं.

कंपन्या त्याच नावाखाली देतात तो ऑफिसातला योगा आणि माइंडफुलनेसचं, म्हणजे मन शांत ठेवायला शिकवणारं अॅप हा दुसरा प्रकार. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंगनं ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. असल्या उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा काही बरे आढळले नाहीत. काहीसा अपवाद स्वयंसेवेच्या कामाचा. २०२४ चा अभ्यास आहे, एचआरवाल्यांनी वाचावा. अॅप स्वस्त पडतं आणि शिफ्ट बदलणं महाग, एवढंच त्यामागचं गणित असावं.

पुण्यामुंबईच्या फॅशन कॉलेजांत हा विषय शिकवायचा असेल तर रंगांचे तक्ते राहू देत. पोरांना साडीच्या शोरूममध्ये पाठवा. तिथल्या बाईला युनिफॉर्मची साडी स्वतः निवडता येते का, तिचे पैसे पगारातून कापतात का, बसायला स्टूल आहे का, हे विचारू देत. फक्त मालक गल्ल्यावर नसेल तेव्हा पाठवा.