सुट्टी आहे का बोर्डाची परीक्षा?

सुट्टीत क्रूझवर, म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजावर, जायचं ठरवलंय, तर तिथल्या खेळांची नि शोची वेळसुद्धा आधीच बुक करायची म्हणे. मला एक सांगा, सोलापूरहून मुंबईला जायचं सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट ६० दिवस आधी निघतं आणि हे क्रूझवाले म्हणतात त्याच्याही आधी ठरवा की सहलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला पोरगा जहाजावरची ती क्लाइंबिंगची भिंत चढणार का नाही! मला उद्या डब्याला भेंडी का गवार तेच माहीत नसतं ओ.

काल रात्री साडेअकरापर्यंत मोबाईल धरून बसले, चौघांची नावं, वयं, पोराची उंची टाकली (तिसऱ्यांदा!) आणि शेवटच्या बटणाला काय तर, स्लॉट फुल्ल. अहो, जहाज अजून बंदरात यायचंय, मग आत जाऊन बसलं कोण, मासे? जादूच्या शोला जागा मिळाली ती नेमकी जेवणाच्या वेळेला, जेवणाची वेळ बदलायला गेले तर शोच गायब. हीच ती जादू असेल. वर सासूबाई विचारतायत, कडक भाकरी नि शेंगा चटणी न्यायला पण बुकिंग लागतं का गं?

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावर पाळण्याचं तिकीट कुणी महिनाभर आधी काढलंय का कधी? रांगेत उभं राहायचं, भजी खायची, नंबर आला की बसायचं.

आत्ता परत नोटिफिकेशन आलंय, घसरगुंडीचा स्लॉट निवडा म्हणे. फोन पालथा घालून ठेवलाय मी.