‘एकच डिक्शनरी पुरे की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं मन लावून वाचलंत आणि स्पष्ट लिहिलंत, याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांचं जग रचायच्या गेममध्ये ब्लॉकचा (ठोकळ्याचा) आयडी, म्हणजे कोडमधलं ओळखनाव, शोधताना मी कोडला आधी त्या जगाची आवृत्ती विचारायला लावतो, हा उगाच व्याप आहे. जुनं नाव आणि नवं नाव अशा जोड्यांची एकच डिक्शनरी (कोडमधली यादी) ठेवावी, नाव सापडलं नाही तर त्यातल्या त्यात जवळचं घ्यावं. नवशिके माझ्या पद्धतीने बिचकतील, असंही तुम्ही म्हणता.

तुमची डिक्शनरी सुटसुटीत आहे, पण एक जुनं नाव म्हणजे कायम एकच वस्तू, हे तिने धरून चाललंय. गेमच्या जावा एडिशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या मूळ रूपात, तसं नाही.

‘माइनक्राफ्ट:ग्रास’ घ्या. 1.12 पर्यंत हा हिरव्या माथ्याचा मातीचा अख्खा ब्लॉक होता. जुलै 2018 मध्ये 1.13 आली, जुने आकडी आयडी गेले आणि या ब्लॉकचं नाव ‘ग्रास_ब्लॉक’ झालं. मोकळं झालेलं ‘ग्रास’ हे नाव मातीवर उगवणाऱ्या आखूड गवताला मिळालं. तोवर ते ‘टॉलग्रास’, डेटा व्हॅल्यू (नावासोबतचा, प्रकार सांगणारा आकडा) 1 असं साठवलं जायचं. पुढे डिसेंबर 2023 मध्ये 1.20.3 ने त्याचंही ‘शॉर्ट_ग्रास’ केलं.

मग तुमच्या डिक्शनरीत ‘ग्रास’समोर काय लिहायचं? ‘ग्रास_ब्लॉक’ लिहिलंत, तर 1.16 मधल्या जगाच्या माळावर जिथे जिथे गवत होतं तिथे मातीचे ठोकळे उभे राहतील. ‘शॉर्ट_ग्रास’ लिहिलंत, तर 1.12 च्या जगातला जमिनीचा वरचा थरच जाईल. आणि दोन्ही वेळा एरर येणार नाही, कारण दोन्ही नावं वैध आहेत. मला भीती वाटते ती याचीच. प्रोग्राम बंद पडला तर माणूस निदान थांबून बघतो; इथे चुकीचं जग निमूटपणे सेव्ह होतं आणि कुणीतरी वर्षभर रचलेलं गाव खराब होतं.

‘ग्रास’ हा एकटा अपवादही नाही. ‘स्टोन_स्लॅब’ 1.12 मध्ये आठ प्रकारच्या स्लॅबचं सामाईक नाव होतं. 1.13 मध्ये ते फक्त गुळगुळीत दगडी स्लॅबचं उरलं. 1.14 मध्ये त्या स्लॅबचं ‘स्मूथ_स्टोन_स्लॅब’ झालं आणि जुनं नाव साध्या दगडाच्या नव्या स्लॅबला दिलं गेलं.

म्हणून शोधाची किल्ली ‘नाव’ नसून ‘आवृत्ती आणि नाव’ अशी जोडी हवी, आणि बदल ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने लावायला हवेत. गेम स्वतः हेच करतो. गेम बनवणाऱ्या मोजांगची डेटाफिक्सरअपर ही त्यासाठीची लायब्ररी खुली आहे, जरूर वाचा. सेव्ह फाइलमध्ये ‘डेटाव्हर्जन’ नावाचा पूर्णांक असतो: 1.12.2 साठी 1343, 1.13 साठी 1519, 1.20.3 साठी 3698. तुलना याच आकड्यांची करा. आवृत्तीची नावं स्ट्रिंग म्हणून ताडलीत, तर ‘1.9’ ही ‘1.13’ पेक्षा मोठी ठरते. 1.9 च्या आधीच्या फाइलमध्ये हा आकडाच नसतो. तिथे थेट सगळ्यात जुन्या आवृत्तीच्या नावांचा तक्ता लावायचा.

‘जवळचं नाव’ घेण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. नाव सापडलं नाही तर कोडने थांबावं आणि नाव व डेटाव्हर्जन दोन्ही छापावं. अंदाज बांधणं हे त्याचं काम नाही.

तुमचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. प्लगइन (गेमच्या सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) एकाच सर्व्हरवर, एकाच आवृत्तीत चालणार असेल आणि जुनं जग उघडायचंच नसेल, तर तक्ता नको आणि डिक्शनरीही नको. प्लगइनसाठीच्या एपीआयमधली (तयार कोडच्या संचातली) तयार नावं वापरा आणि पुढे चला.

राहिले नवशिके. त्यांनी हे तक्ते हाताने टाइप करत बसायची गरजच नाही. 1.13 पासून सर्व्हरच्या जार फाइलमध्येच (सर्व्हर चालवणाऱ्या फाइलमध्येच) डेटा जनरेटर असतो, म्हणजे गेमची माहिती काढून देणारं साधन. त्याला रिपोर्ट मागितले की त्या आवृत्तीतल्या सगळ्या ब्लॉकांची यादी जेसन (मजकूर स्वरूपातल्या) फाइलमध्ये मिळते. दोन आवृत्त्यांच्या याद्या शेजारी ठेवून फरक काढला, की कुठलं नाव गेलं आणि कुठलं आलं ते दिसतं. हाताने तपासायची उरतात ती ‘स्टोन_स्लॅब’सारखी, दोन्ही याद्यांत असूनही अर्थ बदललेली नावं, आणि ती मोजकीच आहेत.