ओलावा 14, गाडी परत

कोलंबियातल्या मानिझालेसला येऊन मला नऊ वर्षं झाली. गाव लातूर तालुक्यातलं. दिवाळी आली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोयाबीनच्या भावावरून वाद पेटतो. चुलत भाऊ म्हणतो, खाद्यतेलाची आयात बंद करा. काका म्हणतात, हमीभाव वाढवा. दोघांचंही खरं आहे. पण कॉफीच्या या मुलखात राहून माझं मत पक्कं झालंय, की माल घ्यायची पद्धत बदलल्याशिवाय वाढलेला भाव आमच्या हातात पडणार नाही.

2024 ची गोष्ट आमच्या घरातली. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. बाबांनी नोंदणी केली, मेसेजची वाट पाहिली, टेम्पो करून 20 क्विंटल सरकारी खरेदी केंद्रावर नेलं. तिथं मूठभर दाणे यंत्रात टाकले. ओलावा 14 टक्के, मर्यादा 12. गाडी परत! भाडं अंगावर, हरभऱ्याची पेरणी तोंडावर. संध्याकाळी आडतीवर 4,150 नं घातलं. 14,840 रुपये एका आकड्यानं गेले. नोव्हेंबरच्या मध्यावर, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, केंद्र सरकारनं मर्यादा 15 केली. तोवर आमच्या घरात पोतं उरलं नव्हतं.

इथला कॉफीवाला आपल्यासारखाच, दोन-चार एकरांचा. पाच लाखांहून जास्त कुटुंबं यावर जगतात. शेजारच्या गावातल्या कॉफीच्या सहकारी सोसायटीत मी मित्राबरोबर त्याची कॉफी घेऊन गेलो होतो. वजन करणाऱ्यानं पोत्यात नळी खुपसून पाव किलो नमुना काढला, टरफल काढलं आणि काळे, किडके दाणे बोटानं एकेक बाजूला सारले. मग हिशोब. 70 किलो निर्यातीची कॉफी निघायला टरफलासकट किती किलो लागते? 94 हा पाया. कमी लागली तर भाव चढतो, जास्त लागली तर कापतात. बाजूला सारलेल्या दाण्यांसारख्या हलक्या मालाला इथं ‘पासिया’ म्हणतात, आणि त्याचाही भाव भिंतीवर लिहिलेला होता. मित्र पैसे मोजून घेऊन निघाला.

यामागं कॉफी शेतकऱ्यांचा महासंघ आहे, 1927 सालचा. निर्यातीच्या कॉफीच्या प्रत्येक पौंड वजनामागं 6 अमेरिकी सेंट कापून निधीत जातात, आणि त्या जोरावर खरेदीची हमी मिळते. हमी खरेदीचीच, भावाची नव्हे. भाव न्यूयॉर्कच्या बाजारावर आणि डॉलरवर ठरतो. 2013 च्या फेब्रुवारीत खर्चही निघेना, तेव्हा हेच शेतकरी रस्त्यावर बसले आणि सरकारला अनुदान वाढवावं लागलं. आपला हमीभाव त्यांना सांगितला की ते थक्क होतात. सरकार पेरणीच्या वेळीच भाव सांगतं? मग अडचण काय? मी टेम्पोची गोष्ट सांगतो. ओला होता तर पैसे कापायचे, माल परत कशाला, असं ते विचारतात.

मला याचं उत्तर देता येत नाही. ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागं किती कपात, एवढा तक्ता खरेदी केंद्राच्या भिंतीवर लावायला नवा कायदा कशाला लागतो? आडत्या रोज तेच करतो, फक्त तक्ता त्याच्या मनात असतो.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. हमीभाव 5,328 झाला होता, पण आमचं सोयाबीन शेंगेतच काळं पडलं. बाबांनी फोनवर विचारलं, “तिकडं डागी माल घेतात का रे?”

“घेतात बाबा. भाव कमी देतात, पण घेतात.”

“किती कमी?”

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत जाऊन भिंतीवरच्या त्या तक्त्याचा फोटो काढून त्यांना पाठवला.