‘ते खरोखरच मनोरुग्ण होते’ या दाव्याचा प्रतिवाद

‘सोव्हिएत सत्तेने युद्धविरोधकांना वेडे ठरवून डांबले ही शीतयुद्धातील पाश्चात्त्यांनी पिकवलेली कंडी आहे, ती माणसे खरोखरच आजारी होती, आणि तुरुंगाऐवजी रुग्णालयात पाठवून त्यांच्यावर दयाच केली गेली,’ असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे.

कंडीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. सोव्हिएत सत्तेचे विरोधक व्लादिमीर बुकोव्स्की यांनी १९७१ मध्ये परदेशी पाठवलेल्या सुमारे दीडशे पानांत सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांनीच लिहिलेले तपासणी अहवाल होते. पुढे १९८९ मध्ये, अथेन्सच्या अधिवेशनात जागतिक मानसोपचार संघटनेत परत प्रवेश मागताना, राजकीय कारणांसाठी गैरवापर झाल्याचे सोव्हिएत प्रतिनिधींनी स्वतःच मान्य केले.

आजाराच्या दाव्यासाठी मेजर जनरल प्योत्र ग्रिगोरेन्को यांचे प्रकरण पाहावे. १९६८ च्या चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाचा निषेध करणाऱ्या आणि स्टालिनने मायभूमीतून हुसकावलेल्या क्रिमियन तातारांची बाजू घेणाऱ्या या सेनानीला मे १९६९ मध्ये ताश्कंदला अटक झाली. ऑगस्टमध्ये तेथील तज्ज्ञांनी त्यांना मानसिकदृष्ट्या निरोगी ठरवले. ते उत्तर पसंत न पडल्याने त्यांना मॉस्कोच्या सर्बस्की या न्यायवैद्यक मानसोपचार संस्थेत नेण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये तेथे ‘सुधारणावादी कल्पना’ हे त्यांच्या विकाराचे लक्षण ठरले. १९७१ मध्ये सेम्योन ग्लुझमन या तरुण कीव्हवासी मानसोपचारतज्ज्ञाने उपलब्ध कागदपत्रांवरून हे निदान खोडून काढले, आणि त्याच्या वाट्याला सात वर्षे श्रमछावणी व तीन वर्षे हद्दपारी आली. जनरलना त्याआधी, १९६४ मध्येही वेडे ठरवले होते. तेव्हा त्यांचा हुद्दा आणि निवृत्तिवेतन काढून घेतले गेले, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण आपण ज्याला आजारी मानतो त्याला कोणतीही सत्ता अशी शिक्षा करत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या तपासणीतही त्यांच्यात कोणताही मानसिक आजार आढळला नाही.

राहिला दयेचा प्रश्न. २५ ऑगस्ट १९६८ रोजी लाल चौकात त्याच आक्रमणाविरुद्ध बसलेल्या आठ जणांपैकी व्हिक्टर फाइनबर्ग यांचे पुढचे दात पाडण्यात आले होते; तसा चेहरा न्यायालयात उभा करणे गैरसोयीचे होते, म्हणूनच त्यांची रवानगी लेनिनग्राडच्या विशेष मनोरुग्णालयात झाली, असे त्यांचे सहकारी सांगत. त्यांच्यावरील कलमांखाली कमाल शिक्षा तीन वर्षांची होती, पण सुटकेला १९७३ साल उजाडले. ग्रिगोरेन्कोही पाच वर्षे अडकून पडले. शिक्षेला किमान संपण्याची तारीख तरी असते. ‘उपचारां’ना ती नव्हती. त्याच निदर्शनात सहभागी झालेल्या कवयित्री नताल्या गोर्बानेव्हस्काया यांना पुढे ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’च्या (ठळक लक्षणे नसतानाही लावता येणाऱ्या सोव्हिएत निदानाच्या) नावाखाली कझानच्या विशेष मनोरुग्णालयात ठेवले गेले आणि हॅलोपेरिडॉल देण्यात आले. या औषधाने अंग ताठरते, हात थरथरतात आणि एका जागी बसणेही असह्य होते.

हे सारे जुने झाले, असेही कुणी म्हणेल. पण युक्रेनमधील मारिउपोलच्या नाट्यगृहावरील रशियन हल्ल्याबद्दल लिहिल्यामुळे खटल्यात सापडलेल्या रशियन पत्रकार मारिया पोनोमारेन्को यांना २०२२ मध्ये तपासणीसाठी मनोरुग्णालयातच पाठवण्यात आले होते.