काटा हलतोय न्हवं?

ज्या शहरात लेथवरचा मुलगा दोन शतांश मिलिमीटरच्या फरकासाठी बेअरिंगची बैठक पुन्हा कापतो, त्याच शहरात गाडीच्या डॅशबोर्डमागची वायर जोडणारा माणूस व्होल्ट आणि ओहम मोजणारा मल्टिमीटर हातात धरायला तयार नसतो, ही गोष्ट आता माझ्या सहनशक्तीच्या पलीकडे गेली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्या आणि मशीन शॉप वाहन कारखान्यांसाठी कास्टिंग आणि सुटे भाग बनवतात, आणि व्हर्नियर व मायक्रोमीटर इथल्या पोरांच्या हातात मिसरूड फुटण्याच्या आधी येतात. मोजल्याशिवाय पुढचा कट घ्यायचा नाही, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. मग हीच शिस्त लोखंडाकडून तांब्याकडे येताना वाटेत कुठे गळून पडते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

माझा पिकअप जुना आहे, डिझेलवर चालतो, पुढच्या काचेच्या कडेला गंज आहे आणि तरीही तो अजून करूळ घाट आंब्याच्या पेट्या घेऊन चढतो. इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. डॅशबोर्डवर मात्र मूळचे चारच मीटर होते: केबलवर फिरणारा वेगाचा, डिझेलचा, पाण्याच्या तापमानाचा आणि अँपिअरचा. ऑइलच्या दाबासाठी फक्त एक लाल दिवा, जो दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो, म्हणजे सूचना मिळेपर्यंत बेअरिंगचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. मला ऑइलच्या दाबाचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन खरे मीटर हवे होते, अँमीटरच्या जागी व्होल्टमीटर हवा होता, डिझेलचा काटा विश्वासाचा हवा होता, आणि या सर्वांना जोडणारी वायरिंग फ्यूज बॉक्स व रिलेसह नव्याने ओढून हवी होती. यात कोणतीही चैन नव्हती.

पहिला संताप मीटर विकत घेण्याच्याही आधीचा आहे. डिझेलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच दिवशी, एकाच वेळी गरजेपेक्षा वर दाखवू लागले, तेव्हा वायरमनने टेस्ट लॅम्पची सुई एका वायरीत टोचली, दिवा लागलेला पाहिला आणि निकाल दिला: "दोन्ही मीटर गेल्यात मालक, नवीन टाकूया." एकाच क्षणी दोन स्वतंत्र मीटर मरतात यावर त्याचा विश्वास बसला, पण दोघांना वीज देणारी एखादी सामाईक वस्तू बिघडली असेल ही शंका त्याला शिवलीही नाही. जुन्या गाड्यांतले हे काटे द्विधातूच्या पट्टीवर चालतात. पट्टी तापली की वाकते आणि काटा सरकतो. बॅटरी इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास असते आणि इंजिन चालू झाल्यावर चौदाच्या आसपास जाते, म्हणून काट्यांना स्थिर विद्युतदाब मिळावा यासाठी डॅशबोर्डमागे पत्र्याची एक छोटी डबी बसवलेली असते. ती आतला संपर्क सारखा जोडत-तोडत सरासरी दहाएक व्होल्ट पुढे सोडते. या डबीचे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणारी विजेची वाट, सुटले की संपर्क तुटेनासा होतो, बॅटरीचा पूर्ण दाब पुढे जातो आणि दोन्ही काटे जोडीने खोटे बोलू लागतात. एक स्क्रू खरवडून पुन्हा घट्ट करण्याचे हे काम होते. वायरमनने ती डबीच उपटली, "हे काय लागत न्हाई" म्हणून भंगारात टाकली आणि वायर थेट जोडून दिली. त्यानंतर मीटर खरोखरच जळाले, आणि त्याचे निदान बरोबर ठरले!

दुकानाची कथा याहून वाईट आहे, कारण तिथे अज्ञानाला पॅकिंग मिळालेले असते. चकचकीत खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'युनिव्हर्सल' छापलेले होते, दुकानदाराने ते तीनदा वाचून दाखवले आणि "कुठल्याबी गाडीला बसतोय" अशी हमी दिली. बसतो, हे खरे आहे. बावन्न मिलिमीटरचे भोक असेल तर बावन्न मिलिमीटरचा मीटर बसणारच. परंतु मीटर भोकाला नव्हे, टाकीत डिझेलवर तरंगणाऱ्या फ्लोटला जोडायचा असतो, आणि फ्लोटची भाषा ओहममध्ये, म्हणजे विद्युत रोधाच्या मापात असते. एका प्रचलित पद्धतीत टाकी रिकामी असताना फ्लोटचा रोध २४० ओहम असतो आणि भरल्यावर तो ३३ पर्यंत उतरतो. दुसऱ्या, तितक्याच प्रचलित पद्धतीत रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतात. म्हणजे एकीत आकडा डिझेलबरोबर उतरतो आणि दुसरीत चढतो. माझ्या टाकीतला फ्लोट दुसऱ्या जातीचा, विकलेला मीटर पहिल्या जातीचा. खोक्यावर ओहमचा आकडा कुठेही नव्हता, दुकानदाराला तो विचारल्यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याच्या उत्पन्नाचा दाखला मागितला होता.

परिणाम हिशेबानेच व्हायला हवा तसा झाला. टाकी काठोकाठ भरली की काटा तळाकडे झुकायचा, आणि टाकी आटत आली की दिमाखात 'फुल'च्या पलीकडे जाऊन टेकायचा. हे मी परत नेऊन दाखवले तेव्हा वायरमनने हाताने काचेवर टिचकी मारली, काटा थरथरला, आणि तो समाधानाने म्हणाला, "काटा हलतोय न्हवं? मग झालं की." फ्लोटची वायर काढून त्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावला असता आणि टाकी भरलेली असताना एकदा व रिकामी असताना एकदा ओहम वाचले असते, तर विक्रीपूर्वीच सगळे कळले असते, ज्या साध्या मल्टिमीटरने हे होते तो काही शे रुपयांत मिळतो, त्या चकचकीत मीटरच्या संचापेक्षा कितीतरी स्वस्तात. त्याऐवजी गाडी गगनबावड्याच्या रस्त्यावर साळवणच्या अलीकडे, काटा 'फुल'वर असताना, धापा टाकून बंद पडली. डिझेल इंजिन कोरडे पडले की केवळ कॅनमधून डिझेल ओतून भागत नाही. लाइनमध्ये एअर शिरलेली असते, ती फिल्टरवरचा नट ढिला करून, हातपंप मारत, फेस थांबेपर्यंत बाहेर काढावी लागते. हे सर्व मुसळधार पावसात, डिझेलने माखलेल्या हातांनी केल्यानंतर 'काटा हलतोय न्हवं' हे वाक्य कानात कसे वाजते, याची कल्पना त्या गृहस्थाला यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

डिझेल संपले तर माणूस फक्त भिजतो. तापमानाच्या मीटरमधले खोटेपण मात्र इंजिन खाते. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो, आणि एकच वायर असलेल्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या ब्लॉकला मिळते. आमच्या कारागिराने पाणी गळू नये म्हणून त्या आट्यांवर नळकाम करणाऱ्या प्लंबरच्या औदार्याने वीज न वाहणारी टेफ्लॉन टेप गुंडाळली. अर्थिंग दुबळे झाले की वाटेत जादा रोध येतो, आणि जादा रोध म्हणजे मीटरच्या दृष्टीने थंड इंजिन. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना, मागे भरलेला माल आणि गाडी दुसऱ्या गिअरवर, काटा निवांत मध्यावर होता आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. जो मीटर सरळ बंद पडतो त्याच्यावर निदान कोणी विश्वास ठेवत नाही. हा मात्र थंड असल्याचे प्रमाणपत्र देत होता. आट्या साफ केल्या, इंजिनापासून बॉडीला आणि बॉडीपासून डॅशबोर्डला वेगळी जाड अर्थिंगची वायर दिली, तेव्हा तोच काटा आपोआप शहाणा झाला.

अर्थिंगबद्दलची ही बेपर्वाई मला सर्वांत जास्त चीड आणते, कारण ती दिसायला सर्वांत क्षुल्लक असते. हेडलाइट लावला की डिझेलचा काटा उडी मारतो, इंडिकेटर दिला की तापमानाचा काटा त्याच तालावर नाचतो, आणि यावर "जुन्या गाडीत असं चालायचंच" हे उत्तर मिळते. ते चालायचे काही कारण नाही. दिव्यांचा परतीचा प्रवाह आणि मीटरचा परतीचा प्रवाह एकाच गंजलेल्या स्क्रूतून जात असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. दिवे लावून मीटरच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत व्होल्ट मोजले आणि आकडा अर्ध्या व्होल्टपलीकडे गेला, की दोष सापडला. टेस्ट लॅम्प हे सांगू शकत नाही. तिला फक्त वीज आहे की नाही एवढेच कळते, किती आहे आणि वाटेत किती गळते हे कळत नाही. तरीही इथला वायरमन तीच सुई धरून फिरतो आणि जिथे टोचतो तिथे वायरीच्या कातड्याला भोक पाडून ठेवतो, ज्यातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते.

अँमीटर काढण्याच्या कामात तर मला प्रत्यक्ष आगीची भीती वाटली. जुन्या पद्धतीत गाडीचा चार्जिंगचा जवळजवळ सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या मीटरमधून येतो-जातो, म्हणून तिथल्या दोन वायरी जाड असतात आणि बहुधा त्यांना फ्यूजचे संरक्षण नसते. व्होल्टमीटरला याच्या उलट, चावी चालू केल्यावर वीज मिळणारी एक बारीक वायर आणि अर्थिंग एवढेच लागते. साहजिकच जुन्या दोन जाड वायरी थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून बोल्टने एकत्र घट्ट करायच्या आणि त्यांवर नीट आवरण चढवायचे असते. मला मिळाली ती हाताने पिळलेली गाठ, वरून काळी चिकटपट्टी, आणि ती पट्टी हीटरच्या डक्टला टेकलेली. चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात वितळून ओघळतो हे गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, बहुधा ती लावणाऱ्यांनाच माहीत नाही.

फ्यूजची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की रक्तदाब वाढतो. हेडलाइटचे दोन बल्ब हायबीमवर साठ-साठ वॅटचे, म्हणजे बारा व्होल्टवर दहा अँपिअर. हा भार जुन्या स्विचमधून नेण्यापेक्षा रिलेतून, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या डबीतून न्यावा आणि त्याला पंधराचा निळा फ्यूज द्यावा, एवढे साधे गणित. मी रिलेचे पैसे दिले होते. रिले बसलेलेही होते, फक्त त्यांना वायर जोडलेली नव्हती. दिवे पूर्वीसारखे स्विचमधूनच जळत होते आणि फ्यूजच्या जागी तांब्याचे केस पिळून बसवलेले होते. विचारल्यावर उत्तर आले की फ्यूज सारखा उडत होता. तो उडत होता, कारण त्याचे तेच काम होते.

मूळ हार्नेसमध्ये, म्हणजे कारखान्याने बांधून दिलेल्या वायरींच्या जुडग्यात, प्रत्येक वायरीला रंग असतो आणि त्या रंगाला अर्थ असतो. नव्या वायरिंगमध्ये तीन चतुर्थांश वायरी लाल निघाल्या, अर्थिंगच्या काहीसुद्धा, कारण त्या दिवशी लाल रंगाचे बंडल संपवायचे होते. कोणती कुठे जाते याचा कागद मागितला तर "सगळं डोक्यात हाय" असे सांगण्यात आले. ते डोके मग गावच्या जत्रेला गेले आणि फोन उचलेनासे झाले.

मला ठाऊक आहे की या कारागिरांना मजुरी कमी मिळते आणि आम्हा गाडीवाल्यांपैकी निम्मे लोक दारात उभे राहून "आटपा की लवकर, भाडं थांबलंय" असा घोशा लावतात. ते मान्य करूनही मी म्हणतो की मल्टिमीटरची दोन टोके लावायला तेवढाच वेळ लागतो जेवढा काचेवर टिचकी मारायला.

वेगाच्या मीटरला मी हात लावू दिला नाही. केबलवरचा जुना मीटर निमूटपणे चालतो, आणि व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, तिथे वेगाचा मीटर बंद सापडला तर उत्तर मलाच द्यावे लागेल, 'सगळं डोक्यात हाय' म्हणणाऱ्याला नाही.

आता नवीन वायरमन पाहिला आहे. त्याने डॅशबोर्डखाली डोके घातले, आधीच्याला दोन शिव्या घातल्या आणि सगळे कापून पुन्हा नव्याने टाकण्याचा भाव सांगितला. मी अट घातली की प्रत्येक अर्थिंगवरचे व्होल्ट, टाकीच्या फ्लोटचे ओहम आणि चार्जिंगचे व्होल्ट माझ्यासमोर मोजून वहीत लिहावेत, वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर घालावेत, आणि ते झाल्यावर पूर्ण पैसे त्याच जागी रोख घ्यावेत. त्याने टेस्ट लॅम्प गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाला, "असलं काम शोरूमवाल्यांकडं न्या, मालक." शोरूमवाल्यांना विचारून झाले आहे, एवढ्या जुन्या गाडीचे वायरिंग ते हातातच घेत नाहीत.